औषध सांडल्यावरची पहिली पंधरा मिनिटे : द्राक्षबागेसाठी सुरक्षेचे नियम

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावण्याचे काम, म्हणजे आमच्या बोलीतले पेस्टिंग, सुरू होते. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून केले जाणारे हे काम बागाईतदाराच्या नेहमीच्या सवयीचे आहे; मात्र त्यासाठी आणलेले मूळ द्रावण सुमारे ५० टक्के तीव्रतेचे, माणसाची कातडी आणि डोळे भाजणारे असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आमच्या औषधाच्या खोलीत त्याचा पाच लिटरचा डबा मांडणीवरून खाली आला. झाकण आवळलेले नव्हते, नुसते टेकवलेले होते. डबा आडवा होऊन घळाघळा रिकामा होऊ लागला आणि जवळ उभ्या असलेल्या गड्याने धावत जाऊन पाण्याचा पाइप आणला. त्यात त्याची चूक नव्हती, कारण घरात काहीही सांडले की आपण पाणीच ओततो. पण तोपर्यंत जे औषध एका घमेल्याखाली झाकले गेले असते इतक्या जागेत होते, ते पाण्याबरोबर पातळ होऊन कोब्याच्या उताराने उंबऱ्याबाहेर पडले आणि शेततळ्याकडे जाणाऱ्या नालीला लागले. फावड्याने माती ओढून नाली बुजवली म्हणून तळे वाचले. त्या दिवसापासून आमच्या खोलीच्या दारावर रंगाने एक ओळ लिहिलेली आहे : पाणी माणसाला, माती औषधाला.

पुढचे सर्व नियम या ओळीला धरून आहेत. जिथे ही ओळ लागू पडत नाही, तेही पुढे स्पष्ट केले आहे.

आधी माणूस

सांडलेल्या औषधाकडे पाहण्याआधी ते कोणाच्या अंगावर उडाले आहे का, हे पाहावे. डब्याची किंमत, वाया गेलेले औषध, थांबलेले काम हे सगळे नंतरचे आहे. ज्याच्या अंगावर औषध पडले असेल त्याला खोलीबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यावे आणि भिजलेले कपडे ताबडतोब उतरवावेत. शर्ट डोक्यावरून काढला तर कापडातले औषध चेहऱ्याला आणि डोळ्यांना लागते. म्हणून बटणे तोडून किंवा कात्रीने कापून तो काढावा. मदत करणाऱ्याने स्वतः रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, कारण एकाचे दोन रुग्ण व्हायला वेळ लागत नाही. नंतर भरपूर वाहते पाणी आणि साबण लावून निदान पंधरा मिनिटे अंग धुवावे. केस, कानामागची जागा, काखा, कंबरपट्ट्याखालची कातडी आणि नखांच्या कडा राहून जातात, तिथे विशेष लक्ष द्यावे. घासणीने किंवा खरखरीत कापडाने कातडी रगडू नये, कारण ती सोलली गेली तर औषध आणखी आत शिरते.

येथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती कोणत्याही माहितीपत्रकात मी वाचलेली नाही. पेस्टिंगच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. साडीवर औषध सांडले तर ती पुरुषांच्या देखत उतरवायला कोणतीही बाई तयार होणार नाही; ती «काही होत नाही» म्हणेल, पदर पिळेल आणि तशीच काम करत राहील. म्हणून पाण्याच्या टाकीजवळ चार बांबू रोवून गोणपाटाचा आडोसा करावा आणि आत एक धुतलेली जुनी साडी किंवा गाऊन, टॉवेल व साबण कायम ठेवावा. हा आडोसा नसेल तर स्त्रियांच्या बाबतीत वरच्या सूचना कागदावरच राहतात.

डोळ्यांत औषध गेले असल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार पंधरा ते वीस मिनिटे सोडावी. धार नाकाकडून कानाकडे जाईल अशी मान कलती करावी, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात ते पाणी जात नाही. पंधरा मिनिटे ही फार मोठी वेळ वाटते. दोन-तीन मिनिटांत जळजळ कमी झाली की लोक थांबतात, म्हणून कोणीतरी घड्याळ लावून उभे राहावे. औषध पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी, दूध, तूप किंवा तेल पाजू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर झोपवून श्वासाची वाट मोकळी ठेवावी.

हे सुरू असतानाच दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही खोलीच्या दारावर लिहून ठेवावा. दवाखान्यात जाताना औषधाचे लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक न विसरता न्यावे. डबा बरबटलेला असेल तर मोबाइलवर लेबलचे स्पष्ट छायाचित्र काढावे. डॉक्टरांना «फवारणीचे औषध» एवढेच सांगून भागत नाही, कारण उपचार औषधाच्या गटावर ठरतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या बाधेत घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे आणि धाप अशी लक्षणे दिसतात आणि तिथे ॲट्रोपिन हा उतारा उपयोगी पडतो. पॅराक्वाट या तणनाशकाला मात्र विशिष्ट उतारा नाही, म्हणून तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. हायड्रोजन सायनामाईडची गोष्ट आणखी निराळी आहे. ते शरीरात गेलेल्या माणसाने दारू घेतली, तर दारूचे पचन अर्धवट राहते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके दुखते, श्वास घ्यायला त्रास होतो. संध्याकाळी घरी गेल्यावर असे झाले तर त्याचा सकाळच्या कामाशी संबंध आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत दारू वर्ज्य आहे, हे टोळीच्या मुकादमाला आणि प्रत्येक मजुराला तोंडी सांगावे.

लक्षणे ताबडतोब दिसली नाहीत म्हणून धोका टळला असे मानू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ती सांडण्याची घटना नव्हती, पण औषध तोंडावाटे न जाताही माणूस दगावू शकतो, हा तिचा धडा येथेही तितकाच खरा आहे. आपण या विषांना «औषध» म्हणतो, मीही या लेखात तोच शब्द वापरतो आहे. पण हा शब्द भीती कमी करतो असे मला मनापासून वाटते. म्हणून निदान लेबलवरचा त्रिकोण सर्वांना ओळखता आला पाहिजे : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल त्रिकोणाचा डबा सांडला तर एकट्याने खोलीत पाऊल टाकायचे नाही.

मग सांडलेले औषध

माणूस सुरक्षित झाला की जागेकडे वळावे. लहान मुले, गुरे, कुत्री आणि कोंबड्या दूर कराव्यात. विडी-सिगारेट, चूल, पंपाचे इंजिन बंद करावे, कारण अनेक द्रवरूप औषधांत ज्वलनशील द्रावक असतात. खोलीची दारे-खिडक्या उघडून हवा खेळती होऊ द्यावी. साफसफाईला दोनच माणसे असावीत : एक काम करणारा आणि एक दाराशी उभा राहून त्याच्यावर लक्ष ठेवणारा.

काम करणाऱ्याने लांब बाह्यांचा शर्ट, जाड रबराचे किंवा नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, चष्मा आणि रासायनिक वाफ शोषणाऱ्या डबीचा मुखवटा घालावा. पँट गमबुटात खोचू नये, वरून सोडावी. नाहीतर ओघळलेले औषध बुटात साठून पायाला तासन्‌तास लागत राहते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल मुखवट्याची जागा घेऊ शकत नाही. उलट तो औषध टिपून घेतो आणि तेच नाकाशी धरून ठेवतो.

यानंतर पहिले काम म्हणजे गळती थांबवणे : डबा उभा करावा, झाकण आवळावे, फुटला असेल तर चीर वर येईल असा ठेवून मोठ्या बादलीत घालावा. दुसरे काम म्हणजे वेढा घालणे. सांडलेल्या औषधाच्या कडेने, उताराच्या बाजूने सुरुवात करून कोरड्या मातीचा वीतभर उंच बांध घालावा. नाली, उंबरा, ड्रेनेजची जाळी या जागा आधी बुजवाव्यात आणि मगच मधल्या औषधावर माती टाकावी. मधेच घमेले पालथे केले तर औषध कडेने पुढे सरकते. यासाठी आपल्याकडची चाळलेली काळी माती उत्तम, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण अनेक रसायने धरून ठेवतात. पॅराक्वाट तर तिला इतके घट्ट चिकटते की त्याची ताकद बरीच जाते. वाळू वेढ्यासाठी चांगली, पण शोषून घेण्यासाठी ती कमी पडते. लाकडाचा भुसा चटकन शोषतो, तथापि तो ब्लिचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइटसारख्या ऑक्सिडीकारक पदार्थांवर टाकू नये; त्यात उष्णता निर्माण होऊन पेट घेण्याची भीती असते.

माती टाकल्यावर घाई करू नये. ती ओलसर गडद होऊन औषध पूर्ण शोषले गेले की कडेकडून मधोमध अशा दिशेने खराट्याने गोळा करावी, प्लास्टिकच्या फावड्याने जाड पिशवीत भरावी आणि पिशवी झाकणाच्या पिंपात ठेवावी. पुन्हा कोरडी माती पसरून हीच क्रिया करावी. दोन-तीन वेळा केल्यावर कोब्यावर डागच उरतो. मग थोड्याशा पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून ब्रशने घासावे आणि ते पाणीही मातीनेच टिपून घ्यावे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील बहुतेक कीटकनाशके सोड्याच्या द्रावणात हळूहळू विघटित होतात, म्हणून हा उपाय सांगितला जातो. मात्र तो सरसकट नाही.

जिथे नेहमीची पद्धत चालत नाही

पहिला अपवाद धान्यात ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. पाणी किंवा ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. डबी फुटून गोळ्या विखुरल्या तर त्यांवर पाणी, ओली माती, सोडा यांपैकी काहीही टाकू नये. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे, दारे उघडी ठेवावीत आणि मुखवट्यासह प्रशिक्षित माणूस येईपर्यंत आत जाऊ नये. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर बाहेर पडण्याला एवढे कारण पुरे आहे. वास येत नाही म्हणून मात्र आत शिरू नये. या विषालाही उतारा नाही.

हायड्रोजन सायनामाईडवर चुना, सोडा किंवा आम्ल टाकू नये. ते सौम्य आम्लधर्मी स्थितीतच स्थिर राहते. चुन्याशी किंवा सोड्याशी संयोग झाला की प्रक्रिया वेगाने सुरू होऊन भांडे तापते. त्याला कोरडी माती एवढेच पुरेसे आहे, आणि गोळा केलेल्या मातीच्या पिंपाचे झाकण पहिले काही दिवस हवाबंद आवळू नये. मोरचूद-चुना बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी जवळच ठेवलेले असतात आणि हात नेमका चुन्याकडे जातो, म्हणून हे ठळकपणे लक्षात ठेवावे.

ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आपण एकदा आम्ल आणि एकदा क्लोरीन प्रक्रिया करतो. त्यामुळे बहुतेक बागांत सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचा कॅन आणि ब्लिचिंग पावडरचे पोते एकाच कोपऱ्यात दिसते. ही मांडणी आजच बदलावी. या दोन पदार्थांचा संपर्क आला की क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फुफ्फुसांना भाजून काढतो. नुसते आम्ल सांडले असेल तर मातीने वेढा घालून कडेपासून थोडा थोडा चुना किंवा सोडा भुरभुरावा. फेस येणे थांबेपर्यंत चेहरा लांब ठेवावा. आम्ल पातळ करायचे असेल तेव्हा पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.

भुकटी सांडली तर कोरड्या झाडूने झाडू नये. धूळ उडून ती श्वासात जाते. किंचित दमट माती किंवा भुसा वर पसरून मग हलक्या हाताने ओढावे. गंधकाची भुकटी तर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की पेटते, म्हणून तिथे धातूचे फावडे दगडावर घासू नये. युरिया किंवा इतर दाणेदार खत सांडल्यास ते गोळा करून वापरता येते, फक्त गुरे ते चाटणार नाहीत एवढे पाहावे. युरिया खाऊन जनावरे दगावतात.

विहीर आणि तळे

औषध पाण्यापर्यंत पोहोचलेच तर सर्वप्रथम विद्युत मोटर बंद करून स्टार्टरवर पाटी लावावी. वस्तीवरचे, शेजारच्या शिवारातले आणि त्याच झऱ्यावर किंवा नाल्यावर पाणी पाजणारे मेंढपाळ यांना लगेच कळवावे. लाजेपोटी केलेला एक तासाचा उशीर दुसऱ्याच्या गोठ्यावर बेततो. ग्रामपंचायत आणि तालुका कृषी अधिकारी यांना खबर द्यावी. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग, पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असा समज आहे. ती पावडर जंतू मारते. कीटकनाशक काढून टाकत नाही. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत ते पिण्यास, जनावरांना आणि फवारणीलाही वापरू नये.

गोळा केलेल्या मातीचे काय करावे

ती माती पेटवू नये, कारण धुरातून तेच विष पसरते. उकिरड्यावर, बांधावर किंवा ओढ्यात टाकू नये. पिंपावर औषधाचे नाव, तारीख आणि «विषारी माती» असे न पुसणाऱ्या रंगाने लिहून ते कुलपात ठेवावे आणि विल्हेवाटीबाबत तालुका कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. धोकादायक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या सुविधा राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. एका शेतकऱ्याला एक पिंप तिथवर नेणे परवडत नाही हे उघड आहे. परंतु शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सोसायटीने गावातील पिंपे आणि रिकामे डबे एकत्र करून वर्षातून एकदा पाठवले तर ते शक्य आहे. हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या बांधावर सोडवावा अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. रिकामे डबे तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे आणि डब्यांना भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यांत रॉकेल किंवा पिण्याचे पाणी भरणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामी वेष्टने, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी माती-पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने हाताळण्याचे बंधन आहे.

तयारी सांडण्याआधीची

खोलीच्या दाराबाहेर, आत नव्हे, झाकणाचे एक पिंप ठेवावे. आत ठेवले तर ज्या वेळी लागेल त्याच वेळी तिथे पोहोचता येत नाही. त्यात निदान चार गोण्या कोरडी चाळलेली माती, एक गोणी भुसा, प्लास्टिकचे फावडे, खराटा, जाड पिशव्या, हातमोज्यांच्या दोन जोड्या, गमबूट, चष्मा, मुखवटा, साबण आणि रंगाचा पेन एवढे असावे. माती पावसाळ्यात ओली होते आणि ओली माती औषध शोषत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊन पडेल त्या दिवशी ती पसरून वाळवावी. खोलीच्या उंबऱ्याला चार बोटे उंचीची सिमेंटची कड घातली तर सांडलेले औषध मुळात बाहेर पडतच नाही. मला विचाराल तर या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. द्रवरूप डबे खालच्या फळीवर, भुकट्या वरच्या फळीवर ठेवाव्यात, म्हणजे गळले तरी खालच्या पोत्यांवर गळणार नाही.

आमच्याकडे हंगामात येणाऱ्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडच्या असतात. त्यांच्यापैकी अनेकांची घरची बोली कोकणा आहे आणि लेबलवरचे बारीक अक्षर वाचणे पुष्कळांना जमत नाही. त्यांना पत्रक वाटून जबाबदारी संपत नाही. म्हणून पेस्टिंगच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका साध्या डब्यात हळदीचे पाणी भरून ते खोलीत मुद्दाम ओततो आणि टोळीतल्याच दोघांना हातमोजे घालण्यापासून पिशवी बांधेपर्यंत सर्व करायला लावतो. काम झाल्यावर हातमोज्यांवर, बाहीवर, बुटावर पिवळे डाग कुठे कुठे लागले ते सर्वांनी मिळून पाहायचे. पहिल्या वर्षी एकाच्या मानेवर डाग निघाला; घाम पुसताना हातमोज्याची पाठ मानेला लागली होती. तेव्हापासून साफसफाई करणाऱ्याचा घाम दाराशी उभा असलेला जोडीदार स्वच्छ पंचाने पुसतो, आणि सरावानंतर टाकीजवळच्या नळाला पाणी आहे की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कोणीही घरी जात नाही.